दूध गावातून पुण्याला, पिशवी परत गावाकडे : प्लास्टिकचं चाक नेमकं कुठं अडतं?

पुणे : पहाटे चार-साडेचारला दौंड, इंदापूर, शिरूर, जुन्नरच्या गोठ्यांत दिवे लागतात. धार काढून दूध संकलन केंद्रावर जातं, तिथून टँकरने डेअरीत, आणि पुढच्या सकाळी अर्ध्या लिटरच्या पिशवीतून पुण्यातल्या एखाद्या घरात. कात्रीने कोपरा कापला, दूध पातेल्यात ओतलं, की पिशवीचं काम संपलं.

पण पिशवी संपत नाही. ती कचऱ्याच्या डब्यात जाते, नाहीतर गटारात. गटारातून नाला, नाल्यातून मुठा, पुढं मुळा-मुठा. ही नदी दौंड तालुक्यात भीमेला मिळते आणि भीमा उजनीला. पावसाळ्यातला पहिला पूर ओसरला की नदीकाठच्या गावांत बाभळीच्या फांद्यांना आणि पुलाच्या खांबांना पिशव्या लटकलेल्या दिसतात. ज्या तालुक्यातून दूध गेलं, त्याच तालुक्यात पिशवी परत आली. मधल्या मधे दुधाचा हिशोब झाला, पिशवीचा कुणी केला नाही.

सरकारी कागदांत सध्या एक शब्द सारखा येतो : चक्रीय अर्थव्यवस्था. शब्द जड आहे, पण शेतकऱ्याला तो नवा नाही. गाय चारा खाते, शेण उकिरड्यात जातं, शेणखत शेतात पडतं, शेतातून चारा येतो. काहीच वाया जात नाही, चाक फिरत राहतं. प्लास्टिकचंही असंच चाक फिरवायचं, म्हणजे वापरलेली वस्तू गोळा करून तिचीच दुसरी वस्तू करायची, असा हा विचार. प्रश्न इतकाच, की शेणाचं चाक आपोआप फिरतं आणि प्लास्टिकचं अडतं. ते कुठं अडतं हे पुण्याकडं बघून कळतं, आणि गावांनी काय करायला हवं तेही त्यातूनच कळतं.

भंगारवाल्याचा काटा सगळं सांगतो

प्लास्टिकचं चाक फिरतं की नाही हे ठरवणारा खरा माणूस म्हणजे भंगारवाला. गावात त्याची गाडी आली की तो काय घेतो आणि काय नको म्हणतो, ते नीट बघावं.

पाण्याची बाटली घेतो. तेलाचा कॅन, तुटकी बादली, खुर्ची, ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या रिकाम्या गोण्या घेतो. यांना पुढं गिऱ्हाईक आहे. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते त्याला पेट म्हणतात. तिचे तुकडे करून, धुऊन, वितळवून धागा काढतात. तो धागा कापडात जातो, उशा-गाद्यांत भरला जातो. ठिबकच्या नळीचे दाणे करून पुन्हा नळ्या, पाइप, पिशव्या होतात.

तोच भंगारवाला वेफरचं पाकीट घेत नाही. बिस्किटाचं वेष्टन, शाम्पूची पुडी, बंदी असूनही मिळणारी गुटख्याची पुडी, चहाची पातळ पिशवी, मातीने माखलेला मल्चिंग पेपर, यातलं काहीच त्याला नको असतं. तो आळशी आहे म्हणून नाही. वेफरच्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि मध्ये धातूचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. ते थर वेगळे करायला जो खर्च येतो तो मालाच्या किमतीपेक्षा जास्त. शिवाय एक किलो भरायला ढीगभर पाकिटं वेचावी लागतात.

म्हणजे चाक फिरवण्याचं तंत्रज्ञान नाही असं नाही. ज्याला भाव आहे ते फिरतं, ज्याला भाव नाही ते रस्त्यावर पडतं किंवा जळतं. बाकी सगळ्या योजना, बंदी, दंड आणि जाहिराती या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

आणि हा भावही टोमॅटोसारखाच वर-खाली होतो. प्लास्टिक कच्च्या तेलापासून होतं. तेल स्वस्त झालं की नवे दाणे स्वस्त होतात, मग कारखानदार जुन्या मालाला कमी भाव देतो. त्याचा फटका सगळ्यात खालच्या माणसाला बसतो, म्हणजे कचरा वेचणाऱ्याला.

पुण्याचं चाक कुणाच्या खांद्यावर?

पुणे शहरात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा होतो. त्यातलं विकण्याजोगं प्लास्टिक, कागद, काच, पत्रा बाहेर काढण्याचं मोठं काम महापालिकेची यंत्रं नाही, तर कचरावेचक करतात, आणि त्यात बहुसंख्य बायका आहेत. यातली कितीतरी कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर कोरडवाहू भागांतून शहरात आली. गावात जमीन नव्हती, असली तरी पाणी नव्हतं. शहरात हाताला काम लागलं ते उकिरड्यावरचं.

१९९३ मध्ये या कष्टकऱ्यांची 'कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठात काम करणारे कार्यकर्ते त्यामागे होते. कचरावेचक हा भिकारी किंवा चोर नाही, तो कामगार आहे, ही पंचायतीची पहिली मागणी. पुढं याच महिलांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज तीन हजारांहून जास्त सभासद दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घेतात.

इथं व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. या महिलांना महापालिका पगार देत नाही. त्यांचं उत्पन्न दोन ठिकाणांहून येतं. एक, प्रत्येक घराकडून महिन्याची ठरलेली फी. दोन, सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार विकून मिळणारे पैसे. भंगाराचा भाव पडला तरी फीमुळं चूल पेटते, आणि फी बुडवणारी घरं निघाली तरी भंगारावर थोडंफार भागतं. दोन पाय असल्यामुळं ही व्यवस्था इतकी वर्षं उभी आहे. महापालिकेचाही फायदा होतो, कारण जो माल वेगळा होऊन विकला जातो तो वाहून न्यायचा आणि डेपोवर टाकायचा खर्च वाचतो.

तरीही हे काम सुरक्षित नाही. कराराची मुदत संपत आली की काम ठेकेदाराला द्यायचं का, ही चर्चा सुरू होते आणि महिलांना रस्त्यावर उतरावं लागतं. ठेकेदाराला गाडीत कचरा जितका जास्त भरेल तितका फायदा, वेचक महिलेला जितकं जास्त वेगळं निघेल तितका फायदा. चाक कुणाच्या हातात द्यायचं याचं उत्तर या फरकात आहे.

शहराने न फिरवलेलं चाक उरुळीत येऊन थांबलं

जे वेगळं झालं नाही ते कुठं गेलं? हवेली तालुक्यातल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना हे सांगायची गरज नाही. तीन दशकांहून जास्त काळ पुण्याचा कचरा या गावांच्या हद्दीत पडला. डोंगर उभे राहिले. ढिगाऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी आणि बोअर खराब झाल्या. ज्या गावांत पाणी होतं तिथं पिण्यासाठी टँकर सुरू झाले.

एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली आणि धूर गावांवर पसरला. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि सुमारे तीन आठवडे त्या अडवून धरल्या. शहरात रस्तोरस्ती ढीग लागले, तेव्हा कुठं आपला कचरा जातो कुठं, हा प्रश्न पुणेकरांना पडला. त्यानंतर जुना ढीग चाळून कमी करण्याचं काम आणि शहरातच ठिकठिकाणी प्रक्रिया करण्याची भाषा सुरू झाली.

उरुळी-फुरसुंगीचा धडा हाच, की शहरात चाक अडलं की त्याचं ओझं शेजारच्या गावावर पडतं. आणि गावानं रस्ता अडवेपर्यंत ते ओझं शहराला दिसत नाही.

पन्नास पैशांची पिशवी

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांनी, २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडल्यास पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार दंड आणि तीन महिने कैद. ही बाजू सगळ्यांच्या लक्षात राहिली, कारण दुकानांवर धाडी पडल्या.

पण त्याच आदेशात एक दुसरी, जास्त कामाची गोष्ट होती. दुधाच्या पिशवीवर बंदी घातली नव्हती. ती परत घ्यायची होती. रिकामी पिशवी दुकानात दिली की गिऱ्हाइकाला पन्नास पैसे मिळणार. बाटल्यांसाठीही अशीच परताव्याची रक्कम ठरवली होती. जून २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरण मंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात सांगितलं, की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या फेकल्या जातात आणि त्यांचा ३१ टन कचरा होतो. महिनाभरात परताव्याची योजना सुरू होईल, असंही ते म्हणाले.

आता हिशोब मांडू. ३१ टन भागिले एक कोटी, म्हणजे एक पिशवी तीन ग्रॅमच्या आसपास. एका किलोत सव्वातीनशे पिशव्या बसतात. पन्नास पैशांनी किलोचे झाले १६० रुपये. साध्या प्लास्टिक भंगाराला इतका भाव मिळत नाही. म्हणजे ही रक्कम प्रत्यक्षात आली असती तर कचरावेचकाने एकही पिशवी सोडली नसती, आणि नदीत तर ती जाऊच दिली नसती.

मग गाडं अडलं कुठं? कागदावर पन्नास पैसे ठीक आहेत, पण गिऱ्हाईक एका पिशवीसाठी आठ आण्यांचा हिशोब ठेवत नाही, आणि आता तर आठ आण्यांचं नाणंही खिशात नसतं. दुकानदाराला आंबूस वास येणाऱ्या पिशव्या साठवायला जागा नाही, त्या मोजायच्या कुणी? गावोगावच्या आणि शहरातल्या हजारो दुकानांतून त्या परत आणायच्या, तर गाडीभाडं कुणाच्या माथी? दूध संघ म्हणणार, आधीच दुधाच्या दराची ओढाताण आहे. प्रत्येकाने पुढच्याकडं बोट दाखवलं आणि योजना राहून गेली. आजही दूध विकणाऱ्या दुकानात रिकामी पिशवी देऊन पैसे घेणारं गिऱ्हाईक दिसत नाही.

परताव्याची कल्पनाच चुकीची आहे असं मात्र नाही. पूर्वी सोड्याची काचेची बाटली दुकानात परत दिल्याशिवाय अनामत मिळायची नाही, म्हणून एकही बाटली रस्त्यावर दिसायची नाही. तामिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे दहा रुपये जादा घेतात आणि बाटली परत केली की ते परत देतात. जंगलात फुटलेल्या काचा हत्तींच्या पायात घुसत होत्या, म्हणून हे सुरू झालं. बहुतेक बाटल्या परत यायला लागल्या. शेजारच्या गोव्यानेही २०२४ मध्ये अशा अनामत योजनेची अधिसूचना काढली.

फरक दोनच गोष्टींचा आहे. रक्कम अशी, की माणूस वाकून बाटली उचलेल. आणि परत घ्यायची जबाबदारी एकाच ठिकाणी, टाळता न येण्यासारखी.

पाकिटाचं काय? कंपनी काय करते?

ज्या पाकिटाला भाव नाही त्याची जबाबदारी कुणाची? यावर कायदा स्पष्ट आहे. माल ज्या कंपनीने पाकिटात भरला, तिनेच ते प्लास्टिक गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने यासाठी सविस्तर नियम केले. कंपनीने जितकं प्लास्टिक बाजारात आणलं, तितकं पुनर्वापर केल्याचं प्रमाणपत्र प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याकडून घ्यायचं. स्वतः गोळा करणं जमत नसेल तर प्रमाणपत्र विकत घ्यायचं.

कल्पना चांगली आहे, कारण भाव नसलेल्या मालाला भाव देणारा कुणीतरी यातून तयार होतो. पुण्यात 'स्वच्छ'सोबत हा प्रयोग झाला आहे. कंपनीने पैसे दिले, तेव्हा महिलांनी वेफरची पाकिटंही वेगळी करून गोळा केली. पैसे आले की माल आपोआप आला.

पण कागदाचा बाजार आला की कागदाचा घोळही येतो. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखो बनावट प्रमाणपत्रं सापडली. प्लास्टिक जागेवरच, आणि कागदावर मात्र त्याचा पुनर्वापर झालेला. खतात भेसळ निघाली की पीक सांगतं. इथं सांगणारं कुणी नाही, नदीकाठची बाभूळ सोडली तर.

गोळा झालेली पाकिटं मुख्यतः दोन ठिकाणी जातात. काही सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत दगडी कोळशासोबत जळतात. काही डांबरात मिसळून रस्त्यात जातात. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ही रस्त्याची पद्धत दाखवली आणि २०१५ मध्ये केंद्राने मोठ्या शहरांजवळच्या डांबरी रस्त्यांसाठी ती सक्तीची केली. नदीत जाण्यापेक्षा दोन्ही बरं. पण याला चाक म्हणता येणार नाही. शेणी चुलीत घातली तर ऊब मिळते, खत मिळत नाही. तसंच भट्टीत गेलेलं पाकीट परत पाकीट होत नाही, आणि उद्या पुन्हा नवं पाकीट लागतंच. खरा उपाय म्हणजे कंपनीने पाकीटच असं करणं, की भंगारवाला ते हौसेने उचलेल.

आता गावाकडं बघा

शहराला नावं ठेवताना गावाची स्थितीही बघावी लागेल. पुण्यात निदान दारात कुणी कचरा न्यायला येतं. बहुतांश गावांत कुणीच येत नाही. दहा रुपयांचं वेफरचं पाकीट आणि शाम्पूची पुडी वाडी-वस्तीवरच्या किराणा दुकानात पोचली, ती परत न्यायला मात्र गाडी नाही. मग ते गावाबाहेरच्या ओढ्यात जातं नाहीतर संध्याकाळी पेटवलं जातं. हा धूर विषारी असतो आणि पहिल्यांदा घरातल्या लहान पोरांच्या छातीत जातो. ओढ्यातलं प्लास्टिक जनावरं खातात. गाय आजारी पडते, आणि पोट फाडल्यावर आतून पिशव्यांचा गोळा निघतो.

शेतातही हीच गोष्ट आहे. ठिबकची नळी जुनी झाली तरी शेतकरी ती गुंडाळून ठेवतो, कारण विकली जाते. मल्चिंग पेपर मात्र पीक निघालं की फाटक्या तुकड्यांत मातीत मिसळतो, नाहीतर बांधावर जळतो. अंथरायला सरकारचं ५० टक्के अनुदान आहे, गोळा करायला कुणी रुपया देत नाही. पातळ पेपर स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो, पण तोच उचलताना हातात तुटतो. जाड पेपर उचलता येतो, झटकून वाळवला तर घेणारा मिळण्याची शक्यता असते. इथंही नियम तोच : भाव आहे ते परत येतं, भाव नाही ते मातीत राहतं.

२०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यासाठी एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र उभारायला १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद केली. शेड, तुकडे करायचं मशीन, गठ्ठे बांधायचं मशीन, असा तो आराखडा. पण मशीनला माल लागतो. गावागावांतून सुका कचरा वेगळा होऊन तिथं पोचला नाही, तर ते शेड म्हणजे आणखी एक कुलूपबंद सरकारी इमारत.

केरळने याला एक उत्तर काढलं आहे. तिथं हरितकर्म सेनेच्या महिला खेड्यांतही घरोघरी जाऊन धुतलेलं, वाळवलेलं प्लास्टिक घेतात आणि घरटी महिन्याला ५० रुपये फी घेतात. म्हणजे पुण्याच्या 'स्वच्छ'सारखेच दोन पाय, फी आणि भंगार. महाराष्ट्रात गावोगावी बचत गट आहेत, त्यांना हे काम आणि त्याचे पैसे दोन्ही देता येतील. फुकटात, श्रमदानात हे चालणार नाही. स्वच्छता मोहिमेचा फोटो एका दिवसाचा असतो, कचरा रोजचा.

ग्रामसभेत विचारायचे चार प्रश्न

१. तालुक्याचं प्लास्टिक केंद्र कुठं आहे, ते चालू आहे का, आणि गेल्या महिन्यात तिथं किती किलो माल गेला?

२. गावातून सुका कचरा तिथपर्यंत कोण नेणार? त्याचं गाडीभाडं आणि गोळा करणाऱ्या महिलांचा मोबदला ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात धरला आहे का?

३. ज्या कंपन्यांचा माल गावात विकला जातो, त्यांच्या जबाबदारीच्या पैशातून तालुक्याला काय मिळालं? पंचायत समितीने याचा पाठपुरावा केला का?

४. मल्चिंगच्या अनुदानासोबत जुना पेपर परत घेण्याची अट विक्रेत्यावर घालावी, असा ठराव करता येईल का?

घरापुरतं करायचं ते अगदी सोपं आहे. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो लोंबता ठेवावा, कारण सुटलेला तुकडा कधीच गोळा होत नाही. पिशवी खळखळून धुवावी, दोरीवर वाळवावी आणि साठवावी. स्वच्छ, कोरड्या पिशव्यांना भंगारात गिऱ्हाईक आहे, घाणेरड्यांना नाही.

पण सगळं घरावर ढकलून चालणार नाही. दूध उत्पादकांना इथं एक संधी आहे. सहकारी संघ त्यांचेच आहेत, संचालक मंडळ त्यांनीच निवडलेलं आहे. संघाच्या वार्षिक सभेत दराचा प्रश्न दरवर्षी निघतो, तो निघायलाच हवा. त्याच्याच खाली पिशवी परत घेण्याचा विषयही मांडता येतो. दुधाची गाडी रोज सकाळी भरून शहरात जाते आणि रिकामी परत येते. त्या रिकाम्या गाडीत दुकानांतून गोळा केलेल्या पिशव्यांचे गठ्ठे बसतात. नदीतून वाहत येण्यापेक्षा गाडीतून आलेल्या बऱ्या, निदान त्यांचे पैसे तरी होतील.